यंत्राच्या पोटात यंत्र

श्रोतेहो, पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पोटचारीला पाणी आले नाही, म्हणजे तो आपल्या बांधावर फावडे घेऊन खणत बसत नाही. तो उलट्या दिशेने चालू लागतो. पोटचारीवरून चारीवर जातो, चारीवरून पाटावर जातो, आणि मुळात वरचे दार उघडले आहे की नाही, याची चौकशी करतो. वरचे दारच बंद असेल तर खाली कितीही खणले तरी चिखलसुद्धा होणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

संगणकाच्या बाबतीत मात्र आपण शिकलीसवरली माणसे नेमके याच्या उलट वागतो. जेथे काम अडले तेथेच खणत बसतो. आजच्या बोलण्याचा विषय अशाच एका अडणाऱ्या कामाचा आहे. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक, आणि त्या दुसऱ्याच्याही पोटात तिसरा चालवावयाचा असतो. इंग्रजीत याला नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. नाव भारदस्त आहे. पण वस्तू समजावयास तितकी अवघड नाही.

आधी पहिली पायरी पाहू. खऱ्या संगणकावर एक विशेष प्रोग्रॅम बसविला, म्हणजे तो त्या संगणकाची मेमरी, प्रोसेसरचा वेळ आणि डिस्कवरील जागा यांचे वाटे पाडतो, आणि प्रत्येक वाट्याला 'तू एक स्वतंत्र संगणक आहेस' असे भासवितो. त्या वाट्यात विंडोज टाका, लिनक्स टाका, ते बिचारे खरोखरच्या यंत्रावर आहोत अशा समजुतीने काम करते. अशा वाट्याला आभासी यंत्र म्हणतात. आणि वाटे पाडून त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला हायपरव्हायजर म्हणतात. हा शब्द दर वेळी उच्चारणे तुम्हांलाही जड जाईल आणि मलाही. म्हणून आपण त्याला 'कारभारी' म्हणू.

आता दुसरी पायरी. त्या आभासी यंत्रात आणखी एक कारभारी बसविला तर? तो आपल्या वाट्याचे पुन्हा वाटे पाडणार. जमिनीला कूळ असावे, आणि त्या कुळाने आपल्याखाली पोटकूळ ठेवावे, तसाच हा प्रकार. म्हणून खऱ्या यंत्रावर बसतो तो थोरला कारभारी, आभासी यंत्राच्या आत बसतो तो धाकटा कारभारी, आणि धाकट्याच्या हाताखाली जे यंत्र चालते त्याला पोटयंत्र म्हणू. एवढी तीन नावे लक्षात ठेवलीत, म्हणजे पुढचे सारे सोपे आहे.

तुम्ही विचाराल, हा खटाटोप हवा कशाला? एका खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयाची गोष्ट सांगतो. गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून शाळेला एक चांगला संगणक घेऊन दिला. १६ जीबी मेमरी, नवा प्रोसेसर. परंतु यंत्र एक आणि कामे दोन. दिवसा त्यावर शाळेची पगारबिले, निकालपत्रके आणि बँकेची कामे चालावयाची. आणि तेथल्या संगणकाच्या शिक्षकांची इच्छा अशी, की दुपारनंतर मुलांनी त्याच यंत्रावर आभासी यंत्रे कशी उभी करतात, त्यांचे जाळे कसे जोडतात, हे स्वतःच्या हाताने शिकावे. आज मोठमोठ्या कंपन्यांची कामे अशाच भाड्याच्या आभासी यंत्रांवर चालतात. त्या विद्येचा ज्याच्या हाताला सराव आहे, त्या मुलाला पोट भरण्याची चिंता कमी.

पण कारभाऱ्याचे काम शिकावयाचे म्हणजे मुले चुकणार, मोडतोड करणार. ती मोडतोड खऱ्या यंत्रावर झाली तर महिन्याचे पगारबिल गेलेच म्हणून समजा. म्हणून शिक्षकांनी विचार केला, की एक आभासी यंत्र करावे, त्यात मुलांसाठी धाकटा कारभारी बसवावा, आणि मुलांनी काय तो गोंधळ त्याच्या आत घालावा. बिघडले तर ते आभासी यंत्र पुसून पाच मिनिटांत पुन्हा उभे करता येते. विचार अगदी योग्य होता. परंतु पोटयंत्र काही केल्या चालू होईना. शहरातून एक दुरुस्तीवाले आले, त्यांनी वरवर पाहिले आणि निदान केले, 'तुमचा प्रोसेसर या कामाचा नाही. दुसरे यंत्र घ्या.' लोकवर्गणीचे पैसे! पुन्हा कोणत्या तोंडाने गावापुढे झोळी धरावयाची? तेव्हा ते शिक्षक माझ्याकडे आले. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. कारण ते समजण्यासाठी आतली रचना थोडी माहीत असावी लागते.

ही कल्पना आजकालची नव्हे, बरे का. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक केंद्र होते. तेथे १९६० नंतरच्या दशकात एका मोठ्या संगणकाचे अनेक आभासी संगणक करण्याचा प्रयोग यशस्वी झाला, आणि १९७२ साली त्या कंपनीने व्हीएम/३७० या नावाने ही सोय बाजारात आणली. कारभाऱ्याची नवी आवृत्ती तयार झाली की ती जुन्या कारभाऱ्याच्या पोटात चालवून तपासावयाची, ही रीतही त्याच घराण्यातली. पुढे १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी एक निबंध लिहून यामागचा नियम स्पष्ट मांडला. तो नियम साध्या भाषेत असा : यंत्राच्या मूळ अधिकाराला हात घालणारी कोणतीही आज्ञा आभासी यंत्राने दिली, की ती आपोआप अडविली जाऊन कारभाऱ्यापुढे आली पाहिजे. एक जरी आज्ञा नजर चुकवून निसटली तरी सोंग उघडे पडते.

आता अडचण अशी, की आपल्या घराघरांत जे संगणक आले, त्यांच्या प्रोसेसरांत हा नियम पाळला गेलेला नव्हता. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरात अशा निसटणाऱ्या १७ आज्ञा आहेत, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले गेले. त्याआधीच, १९९९ साली, व्हीएमवेअर कंपनीने एक युक्ती काढून काम चालविले होते. त्या कारभाऱ्याने धोक्याच्या आज्ञा चालता चालता भाषांतर करून बदलावयाच्या. पुढे २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरातच खास सोय केली. इंटेलच्या सोयीला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीच्या सोयीला एएमडी-व्ही. आपण हिला 'किल्ली' म्हणू. कारण कारभाऱ्याला कारभार करावयाचा तर ही किल्ली हातात असावी लागते.

येथेच खरी मेख आहे. प्रोसेसरला एकच कारभारी ठाऊक असतो. धाकटा कारभारी म्हणून कोणी आहे, याची त्याला गंधवार्ताही नसते. मग धाकट्याचे काम चालते कसे? धाकट्याने 'माझे पोटयंत्र चालू कर' अशी आज्ञा दिली की ती अडविली जाते आणि थोरल्यापुढे येते. थोरला धाकट्याचे कागद पाहतो, आपल्या कागदांशी ते मिळवितो, दोहोंचा मिळून एक नवा कागद करतो, आणि मग स्वतःच ते पोटयंत्र प्रोसेसरवर चढवितो. पोटयंत्र कोठे अडले, तर ती तक्रारही प्रथम थोरल्याकडेच जाते. तो ठरवितो की ही माझी बाब आहे की धाकट्याची, आणि धाकट्याची असल्यास त्याला उठवून सांगतो. ती तक्रार निवारताना धाकट्याला पुन्हा दहा वेळा थोरल्याचे पाय धरावे लागतात. तालुक्याच्या कचेरीत एका दाखल्यासाठी दहा टेबले फिरावे लागते, तसे हे आहे.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली अशी, की थोरल्याने आपण होऊन किल्लीची नक्कल धाकट्याला दिल्याशिवाय पोटयंत्र किल्लीने चालूच शकत नाही. दुसरी अशी, की चालले तरी ते थोडे मंद चालणार. किती मंद? इस्रायलमधील हैफा येथे आयबीएमच्या संशोधकांनी २०१० साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. नीट काळजी घेतली तर नेहमीच्या कामांत, एकाच कारभाऱ्याखाली लागणाऱ्या वेळेपेक्षा ६ ते ८ टक्के इतकाच फरक पडतो, असे त्यांनी दाखविले. या प्रयोगाला त्यांनी 'कासवे' असे नाव दिले होते. पृथ्वी कासवाच्या पाठीवर आहे, ते कासव दुसऱ्या कासवाच्या पाठीवर, अशी जी गोष्ट सांगतात, तिची आठवण त्या नावात आहे. पुढे इंटेलने २०१३ पासून काही प्रोसेसरांत अशी सोय केली, की धाकट्याने कागद वाचण्यालिहिण्यासाठी दर वेळी थोरल्याला उठवू नये. त्यामुळे हेलपाटे आणखी कमी झाले.

आता दुरुस्तीकडे वळू. पाटकऱ्याप्रमाणे वरच्या दारापासून सुरुवात करावयाची, आणि एक दार तपासून पक्के झाल्याशिवाय पुढच्या दाराला हात लावावयाचा नाही.

पहिले दार म्हणजे खुद्द यंत्र. प्रोसेसरात किल्ली असते, पण यंत्र सुरू होताना जो मूळ प्रोग्रॅम चालतो, ज्याला बायोस किंवा यूईएफआय म्हणतात, त्यात ती पुष्कळदा बंद करून ठेवलेली असते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून कार्यक्षमतेच्या पानावर प्रोसेसरची माहिती पाहा. व्हर्च्युअलायझेशन चालू की बंद, ते तेथे लिहिलेले असते. लिनक्समध्ये प्रॉक या फोल्डरातील सीपीयूइन्फो ही फाइल वाचा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तीत व्हीएमएक्स आणि एएमडीचा असेल तर एसव्हीएम ही तीन रोमन अक्षरे दिसली पाहिजेत. बंद असेल तर यंत्र नव्याने सुरू करून बायोसमध्ये ती सोय चालू करावी.

दुसरे दार फसवे आहे, आणि पुष्कळ जण येथेच अडखळतात. किल्ली आहे, चालूही आहे. पण ती आधीच कोणीतरी घेऊन बसलेला असतो! विंडोज १० आणि ११ मध्ये हायपर-व्ही नावाचा कारभारी विंडोजबरोबरच येतो. तुम्ही तो मुद्दाम बसविला नसेल. परंतु विंडोजमध्ये लिनक्स चालविण्याची डब्ल्यूएसएल-२ ही सोय घेतली, किंवा सुरक्षेच्या पानावरील 'मेमरी इंटिग्रिटी' हा पर्याय चालू असला, म्हणजे तो पडद्यामागे थोरला होऊन बसतो. मग तुम्ही व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन बसविता, आणि तो थोरला आहे असे समजता. वास्तविक तोच दुसऱ्याच्या दारात उभा असतो. स्वतःच्या हातात किल्ली नाही, तो पुढे धाकट्याला काय देणार?

हे ओळखण्याची खूण सांगतो. विंडोजची 'सिस्टिम इन्फर्मेशन' ही खिडकी उघडा आणि सारांशाच्या पानाच्या तळाशी पाहा. तेथे 'हायपरव्हायजर आढळला' अशा अर्थाचे वाक्य असले, तर आत कोणीतरी बसलेला आहे हे निश्चित. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवे कासव दिसले तर त्याचाही अर्थ हाच. गंमत पाहा, येथेही कासवच आले.

तिसरे दार म्हणजे थोरल्याची परवानगी. ही प्रत्येक कारभाऱ्याची निराळी आहे. लिनक्समधील केव्हीएम हा कारभारी २०१८ च्या अखेरीस आलेल्या ४.२० या आवृत्तीपासून इंटेलच्या यंत्रावर ही परवानगी आपोआप देतो. त्याआधीच्या आवृत्तीत 'नेस्टेड' हा पर्याय हाताने चालू करून केव्हीएमचा भाग पुन्हा भरावा लागे. शिवाय आभासी यंत्राचा प्रोसेसर कोणत्या जातीचा दाखवावयाचा, तेथे 'होस्ट-पासथ्रू' असे निवडावे, म्हणजे खऱ्या प्रोसेसरचे गुण जसेच्या तसे आत दिसतात. सामान्य जातीचा प्रोसेसर निवडलात तर किल्ली आत पोहोचतेच असे नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एएमडीसाठी २०१८ साली आणि इंटेलसाठी २०१९ साली ही सोय आली. आभासी यंत्राच्या मांडणीत प्रोसेसरच्या पानावर त्यासाठी एक चौकट आहे. व्हीएमवेअरमध्येही तशीच चौकट आहे. हायपर-व्हीमध्ये इंटेलसाठी विंडोज सर्व्हर २०१६ पासून आणि एएमडीसाठी विंडोज सर्व्हर २०२२ व विंडोज ११ पासून ही सोय आहे. ती पॉवरशेलमधून 'सेट-व्हीएमप्रोसेसर' या आज्ञेने, 'एक्स्पोज-व्हर्च्युअलायझेशन-एक्स्टेन्शन्स' हे कलम खरे ठरवून द्यावी लागते.

येथे एक बारीक गोष्ट. ही परवानगी देताना आभासी यंत्र पूर्ण बंद असले पाहिजे. आतल्या आत 'रीस्टार्ट' करणे किंवा आहे त्या स्थितीत झोपवून ठेवणे पुरेसे नाही. घरात माणसे झोपलेली असताना घराचा पाया बदलता येत नाही, तसे हे आहे. पुष्कळांनी पर्याय बरोबर निवडलेला असतो, पण यंत्र पुरते बंद केलेले नसते. आणि मग 'सगळे करून पाहिले हो' असे म्हणतात.

कोणी भाड्याच्या मेघयंत्रावर, म्हणजे क्लाउडवर, हे करू पाहत असेल तर त्याने एवढे ओळखावे, की तेथला थोरला कारभारी त्या कंपनीच्या हाती आहे. कंपनीने त्या प्रकारच्या यंत्राला परवानगी दिली नसेल तर आत बसून तुम्ही काहीही केलेत तरी उपयोग नाही. आधी कंपनीचे पत्रक वाचावे, आणि मग पैसे भरावेत.

चौथे दार आभासी यंत्राच्या आत आहे. तेथेही तीच सीपीयूइन्फो फाइल वाचा. तीन अक्षरे दिसत नसतील तर मागे फिरा. दोष तिसऱ्या दारात आहे. दिसत असतील तर डेव्ह या फोल्डरात केव्हीएम नावाची फाइल आहे का पाहा. नसेल तर धाकट्या कारभाऱ्याचा भाग भरला गेलेला नाही. फाइल आहे, पण 'परवानगी नाही' असे उत्तर येते, तर ते वापरणारे खाते केव्हीएमच्या गटात घातलेले नाही. ही तर दोन मिनिटांची बाब आहे.

पाचवे दार मंदपणाचे. पोटयंत्र चालते, पण गोगलगायीसारखे. येथे घाईने मेमरी वाढवू नका. क्यूईएमयू नावाचा प्रोग्रॅम किल्ली नसतानाही पोटयंत्र चालवू शकतो; मात्र तो प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करीत बसतो, आणि ते फारच मंद असते. म्हणून चालले एवढ्यावर समाधान मानू नका. ते किल्लीने चालले आहे की भाषांतराने, हे आधी पाहा. किल्लीने चालत असूनही मंद असेल, तर मग मेमरीचा हिशेब घाला. हा हिशेब वरून खाली येतो. खऱ्या यंत्राची मेमरी १६ जीबी. त्यातील ६ खऱ्या यंत्राला ठेवली, १० आभासी यंत्राला दिली. त्या १० पैकी ४ धाकट्या कारभाऱ्यासाठी राखली, तर उरलेल्या ६ मध्ये ३-३ जीबीची दोनच पोटयंत्रे बसतील. तिसरे बसवू गेलात तर कोणालाच पुरणार नाही. हायपर-व्हीत मेमरी आपोआप कमीजास्त होण्याची जी सोय आहे, ती या कामासाठी बंद ठेवून मेमरी ठरावीक द्यावी.

सहावे आणि शेवटचे दार जाळ्याचे. पोटयंत्र झकास चालते, पण बाहेरच्या जगाशी बोलत नाही. याची कारणे बहुधा दोन. एक म्हणजे, प्रत्येक आभासी यंत्राच्या जाळ्याच्या पत्त्याला मॅक पत्ता म्हणतात, आणि थोरल्याच्या दफ्तरी फक्त आभासी यंत्राचा पत्ता नोंदलेला असतो. पोटयंत्राचा अनोळखी पत्ता घेऊन टपाल आले की थोरला ते फेकून देतो. खेड्यातला पोस्टमन पोटकुळाचे नाव माहीत नसल्याने पत्र परत पाठवितो, तसेच. उपाय दोन आहेत. थोरल्याला सांगावे, की या घरातून परक्या नावाचे टपाल आले तरी जाऊ दे. हायपर-व्हीत याला 'मॅक ॲड्रेस स्पूफिंग' म्हणतात आणि व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये 'प्रॉमिस्क्युअस मोड' व 'फोर्ज्ड ट्रान्समिट्स' हे पर्याय त्यासाठी आहेत. किंवा धाकट्याने पोटयंत्रांचे टपाल स्वतःच्याच नावाने पाठवावे. याला 'नॅट' म्हणतात. शाळेच्या कामाला नॅट बरे. सोपेही आणि सुरक्षितही.

दुसरे कारण अधिक गमतीचे. लिनक्समध्ये या यंत्रांची व्यवस्था पाहणारा लिबव्हर्ट हा प्रोग्रॅम आपले पहिले जाळे १९२.१६८.१२२ या आकड्यांनी सुरू होणाऱ्या पत्त्यांवर उभारतो. थोरला आणि धाकटा दोघेही लिनक्सचे असले, की दोघांकडेही तेच आकडे येण्याचा संभव असतो. एकाच तालुक्यात एकाच नावाच्या दोन वाड्या असल्या, की टपाल जावे कोठे? आतल्या जाळ्याचा तिसरा आकडा १२३ करा, वाद मिटला.

शेवटी एक पथ्य. बंद करताना आतून बाहेर या. आधी पोटयंत्रे बंद करा, मग आभासी यंत्र, मग खरे यंत्र. पोटयंत्र चालू असताना बाहेरचे यंत्र झोपवून ठेवणे किंवा दुसऱ्या खऱ्या यंत्रावर हलविणे हे सर्वच कारभाऱ्यांना नीट जमते असे नाही. शिडीवरून उतरताना वरची पायरी आधी सोडतात. मधली काढून घेत नाहीत.

आता त्या शाळेची गोष्ट पुरी करतो. खरे सांगावयाचे तर पहिल्या दिवशी मीही चुकलो. मी एम.ए. झालेला प्राध्यापक, चारचौघांत संगणकातले कळते म्हणून नाव. त्या अभिमानात मी एका बैठकीत तीन पर्याय बदलले, एक प्रोग्रॅम काढला, दुसरा टाकला. संध्याकाळपर्यंत काय बदलले आणि काय नाही हेच आठवेना. ते शिक्षक नम्रपणे म्हणाले, 'सर, आपण एक वही करू या का? काय बदलले ते लिहून ठेवू.' दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत करून, वही घेऊन, पहिल्या दारापासून सुरुवात केली. पहिले दार उघडे होते. प्रोसेसर उत्तम होता. दुरुस्तीवाल्यांचे निदान साफ चुकले होते. दुसऱ्या दारी वीस मिनिटांत चोर सापडला : मेमरी इंटिग्रिटी चालू होती, हायपर-व्ही थोरला होऊन बसला होता, आणि शिक्षकांचा व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या दारात उभा होता. कासव खालच्या पट्टीवर पहिल्या दिवसापासून दिसत होते. पण ते शोभेचे चित्र असेल, असे आम्ही दोघेही समजत होतो.

मी लगेच म्हणालो, 'मेमरी इंटिग्रिटी बंद करून टाका, काम झाले.' येथे त्या शिक्षकांनी मला दुसरा धडा दिला. त्यांनी विचारले, 'सर, ती कशासाठी असते?' मी सांगितले, की दुष्ट प्रोग्रॅमांनी विंडोजच्या गाभ्यात शिरू नये म्हणून तो पहारा असतो. ते म्हणाले, 'मग ज्या यंत्रावर सगळ्या मास्तरांच्या पगाराचे आणि बँकेचे काम चालते, त्याचा पहारा मुलांच्या प्रात्यक्षिकासाठी मी कसा काढू?' मला उत्तर सुचेना. कारण उत्तर त्यांच्या प्रश्नातच होते.

मग आम्ही उलटा विचार केला. हायपर-व्ही थोरला होऊन बसलाच आहे, तर त्यालाच थोरला मानू. शाळेच्या यंत्रावर विंडोजची प्रो आवृत्ती होती. होम आवृत्तीत हायपर-व्हीची ही सोय मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. त्यातच लिनक्सचे आभासी यंत्र केले, ते पुरते बंद ठेवून पॉवरशेलमधून परवानगी दिली, मेमरी ठरावीक १० जीबी बांधून दिली, आत केव्हीएम बसविला आणि जाळे नॅटचे ठेवले. पहारा जागच्या जागी राहिला, आणि पोटयंत्र सुरू झाले. त्या दुपारी बारावीच्या एका मुलीने स्वतःच्या हाताने पहिले पोटयंत्र उभे केले, आणि लगेच चुकीची आज्ञा देऊन ते मोडलेही. शिक्षक हसले. म्हणाले, 'मोड, मोड. त्यासाठीच आहे ते.' शेजारच्या खोलीत कारकून निकालपत्रकाचे कागद जुळवीत होते. त्या यंत्रात ठेवलेल्या त्यांच्या कामाला धक्काही लागला नाही.

श्रोतेहो, या साऱ्यातून शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ध्यानात ठेवावे असे थोडेच आहे. वरच्या दारापासून खाली या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहा. एखादा अडसर दिसला, तर तो काढण्यापूर्वी तो कशासाठी घातला आहे, ते विचारा. आणि 'नवे यंत्र घ्या' असा सल्ला कोणी दिला, तर पैसे मोजण्याआधी निदान दुसऱ्या दारापर्यंत तरी चालत जाऊन या. पुष्कळदा पाणी धरणात भरपूर असते. मधले दार तेवढे कोणी तरी लावून घेतलेले असते.